जेवणानंतरची गोळी

९ ऑक्टो. २००६, फेल्डहोवन, नेदरलँड्स
सासूबाईंना पुण्याहून येऊन महिना झाला. भाजी माझी अळणी, घर माझं धुळकट, मुलगा त्यांचा, म्हणजे निखिल, वाळलेला. जेवण झालं की गोळी मात्र माझ्याच हातून लागते. हृदयात धातूची झडप बसवलीय. रक्त पातळ ठेवायची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. व्हिसा संपेपर्यंतच्या गोळ्या चकलीच्या डब्यात घालून आणल्यात. इन्शुरन्सच्या एजंटने बजावलं होतं, "जुनं दुखणं लिहू नका." नाही लिहिलं. इथे सगळ्यांचेच आईवडील असे ठणठणीत येतात.

१४ ऑक्टो.
आई पडल्या. किती वेळा सांगितलं, तो लाल रस्ता सायकलींचा आहे. "तोच तर स्वच्छ आहे," म्हणतात. मागून सायकल आली. डोकं कडेच्या दगडावर.
हॉस्पिटल. मोठं टेंगूळ, पण शुद्धीवर. तरुण डॉक्टरीणबाई. "काही औषधं चालू? रक्त पातळ करणारी?" निखिल म्हणाला, "नो, नथिंग. शी इज व्हेरी फिट." आई इंग्रजी न कळताही मान डोलवत होत्या. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आईंची शाल नीट करत बसले.
"मग स्कॅनची गरज नाही. घरी लक्ष ठेवा."
गाडीत नि. खूश. "बघ, उगाच घाबरलो."
जेवणानंतर आईंनी हात पुढे केला. दिली गोळी.

१५ ऑक्टो.
सकाळपासून आईंचं डोकं दुखतंय. दुपारी उलटी. म्हटलं, परत नेऊ या. नि.: "आणि काय सांगायचं? काल खोटं बोललो म्हणून?" त्यापेक्षा पुण्याला फोन. त्याचा मामेभाऊ डॉक्टर आहे. त्याचा आवाज मला लांबून ऐकू आला. "पडल्यावरही गोळी दिलीत? अरे, आत्ताच्या आत्ता ने तिला!"
निघताना आईंनी माझा हात धरला. "गोळीचं बोलू नकोस गं. पोराला घर विकावं लागेल." महिन्याभरात पहिल्यांदा इतकं मऊ बोलल्या.
आज डॉक्टर दुसरे. नि.ने पुन्हा तेच सुरू केलं, "नो मेडिसिन." मी सांगून टाकलं. झडप, गोळी, सगळं. परक्या बाईकडे बघावं तसा बघत राहिला.
स्कॅन झाला. डोक्यात रक्तस्राव.

१७ ऑक्टो.
ऑपरेशन झालं. आई डोळे उघडत नाहीत. रक्त थांबवायचं तर झडपेत गुठळी व्हायची भीती, पातळ करायचं तर डोक्यात पुन्हा रक्त. डॉक्टर म्हणाले, "शनिवारी कळलं असतं तर..." पुढे बोलले नाहीत. सभ्य माणूस.
इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले. नि. म्हणाला, "झालं समाधान? महिन्याभराचं उट्टं काढलंस." तिथेच, कॉरिडॉरमध्ये.
खरंच काढलं का मी

१९ ऑक्टो.
धनत्रयोदशी. दिवा लावला नाही. आई तशाच.
सकाळी नणंदेचा फोन. मी चहा घेऊन गेले तर नि. पाठमोरा बोलत होता. "आईच्या औषधांचं सगळं हीच बघायची ना. पहिल्या दिवशी डॉक्टरांना सांगितलंच नाही हिने. उभी होती शेजारी."
कप ठेवला आणि बाहेर आले.
खोटं असतं तर भांडले असते.
संध्याकाळी त्याच्याच गाडीतून जायचंय. डॉक्टरांनी दोघांनाही बोलावलंय.