फोरमनची कॉलर

पिपलानी, भोपाळ
९ जानेवारी १९७९

सौ. कांचनवहिनींना नमस्कार.

इकडे सगळे मजेत, असं लिहून टाकतो, कारण पत्राची पहिली ओळ तशीच असते. तुमचे बाबा कसे आहेत? नागपूरला म्हणे थंडी बेताची आहे. इथे पहिल्या पाळीचा भोंगा होतो तेव्हा खिडकीबाहेर काही दिसत नाही, धुक्यातून नुसत्या सायकलींच्या घंट्या कारखान्याकडे जाताना ऐकू येतात.

मी नाताळात आलो, दोन दिवसांसाठी. अजून इथेच आहे. इटारसीला एका टूरिंग टॉकीजवाल्याकडे होतो. दिवसा तंबू ठोकायचा, संध्याकाळी तिकिटं फाडायची. मालकाचं एक माकड होतं, ते बायकांच्या बाजूला जाऊन बसायचं आणि उठायचं नाही. त्याची एक गंमत आहे, पण ती नंतर. मी सशाबद्दल लिहायला बसलो होतो.

तुम्ही ठेवून गेलात तेव्हा तो दादाच्या मुठीत मावायचा म्हणे. आता दीड मूठ झालाय. नाव कुणीच ठेवलं नव्हतं. आई त्याला 'ते' म्हणते, दादा काहीच म्हणत नाही. मी 'फोरमन' ठेवलंय. दिवसभर नाक उडवत घरभर तपासणी करत फिरतो आणि स्वतः काडीचं काम करत नाही. दादा त्यावर हसला. म्हणजे ओठ हलला.

आधी आई त्याला दूधपोळी कुस्करून घालत होती. "लहान आहे, दूध नको का?" म्हणे. त्याचं पोट बिघडलं. मग दादाने कुठून तरी विचारून आणलं, की सशाला मुख्य म्हणजे सुकं गवत लागतं, बाकी सगळं चवीपुरतं. तेव्हापासून दादा सुटीच्या भोंग्यानंतर कारखान्यामागच्या मैदानातून वाळलेलं गवत उपटतो आणि रिकाम्या डब्याच्या पिशवीत भरून आणतो. तुमच्या नवऱ्याच्या डब्याला हल्ली कुरणाचा वास येतो. मी सकाळी मुळ्याचं एक पान, मेथीच्या दोन काड्या देतो. दूधवाल्याकडे म्हशींच्या चाऱ्यातली थोडी बरसीम मागितली तर अस्सल भोपाळीत म्हणाला, "को खां, खरगोश पाला है के भैंस?" पण दिली. ती फार दिली की पोट फुगतं, म्हणून चिमूटभरच. पाणी मातीच्या पणतीतून. रात्री पिंजऱ्यात माझ्या कोटाच्या बाहीत झोपतो, त्यामुळे कोट आता त्याचा आहे.

आईचं तुम्हाला माहीत आहे. नारळ धुते, सुटे पैसे धुते, मी आलो तेव्हा माझी पिशवी मला न विचारता धुतली, त्यात माझी विडी होती. तर फोरमनलाही आंघोळ असते. दर शनिवारी. कोमट पाणी, डाळीचं पीठ, मग टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेते, शेगडीवर हात गरम करून पाठ शेकते. तेवढा वेळ ती काही बोलत नाही आणि कुणाला काही बोलूही देत नाही.

हे बहुतेक लिहायला नको होतं. पण शाईने लिहिलंय, खोडलं तर जास्त दिसेल.

आई म्हणते, कधी येतेस ते विचार. विचारलं असं समजा.

तुमचा बिनकामाचा दीर,
अच्युत


पिपलानी
१७ जानेवारी

वहिनी,

तुमचं कार्ड आलं. 'थंडीत आंघोळ घालू नका, दगावेल. गाजर कमी. कांचन.' एवढंच, पण आलं. आईने वाचलं आणि पिठाचा डबा वर ठेवून दिला. दादाने वाचलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. ते कार्ड रोज त्याच्याबरोबर पाळीला जातं. मला दुसऱ्यांदा वाचायला मिळालेलं नाही, तेव्हा पुढच्या वेळी दोन पाठवा.

आता खरी गोष्ट. फोरमन बरा नव्हता. तुम्हाला आधी कळवलं नाही, वाटलं होईल ठीक. खायचा तर सगळं, गवत तर पोत्याने, पण अंगाला लागत नव्हतं. पाठीवरून बोट फिरवलं की मणी मोजता यायचे. दादा घरी आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "खाल्लं?" मी म्हणायचो, "खाल्लं." तो फोरमनला उचलायचा, हातावर तोलायचा आणि परत ठेवायचा. वहिनी, तुम्ही खात नव्हता तेव्हाही तो असाच दारात उभा राहून आईला विचारायचा ना? आईने सांगितलं मला.

तर कॉलर. पहिल्या पत्रात ती मी गाळली होती, कारण मला ती गमतीची वाटली होती आणि तुम्हाला वाटणार नाही असं वाटलं होतं. झालं असं, की फोरमन पहाटे अंग दुमडून, मान पोटाखाली घालून स्वतःचंच खातो. लेंड्या नव्हेत, त्या वेगळ्या. पहाटे मऊ, चिकट, बारीक द्राक्षांच्या घोसासारखं काही येतं ना, ते. आईने एकदा पाहिलं आणि तिला भोवळच यायची राहिली. तिने जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा गोल कापला आणि त्याच्या गळ्यात अडकवला. मान वळतच नाही. खाली पडलेलं ती दिवसातून तीनदा झाडून घ्यायची, फिनेलने पुसायची. गळ्यात १९७८ चा सप्टेंबर घालून फोरमन घरभर फिरायचा, गणेश चतुर्थी कानापाशी. मी हसायचो.

शेवटी सोमवारी आई आणि मी त्याला टोपलीत घालून शहरातल्या गुरांच्या दवाखान्यात गेलो. टेम्पोत एकाने विचारलं, "माताजी, मुर्गी है क्या?" आई म्हणाली, "हम लोग मुर्गी नहीं खाता." वीस वर्षं भोपाळात राहून आईचं हिंदी आलं तेव्हा होतं तिथेच आहे. तो बिचारा टोपलीपासून सरकून बसला. पलीकडची एक म्हातारी त्याला म्हणाली, "और पूछो."

डॉक्टर एका म्हशीपाशी गुंतला होता. बऱ्याच वेळाने हात पुसत आला. फोरमनला टेबलावर घेतलं, दात बघितले, पोट दाबलं.

"ये गले में क्या है?"

"वो गंदा खाता है," आई म्हणाली. "अपनाच."

"कितने दिन से पहनाया है?"

"बहोत दिन. मैं एकदम साफ रखती."

डॉक्टर हसेल असं मला वाटलं, पण तो हसला नाही. म्हणाला, "माताजी, वो गंदा नहीं है. घास इनको एक बार में नहीं पचती. पहली बार में आधी निकल जाती है, दोबारा खाता है, तब बदन को लगती है. आप उठाती रहीं, ये भूखा रहता रहा."

आई म्हणाली, "मैंने तो उसके अच्छे के लिये..."

"हाँ हाँ, वो तो है," म्हणत त्याने कात्रीने सप्टेंबर कापला. "आपसे देखा न जाए तो मत देखिए. बस, करने दीजिए."

येताना आई टेम्पोवाल्याशी भाड्यावरून बोललीच नाही. घरी आली आणि हातपाय न धुता पलंगावर बसली. वहिनी, मी हे जन्मात पाहिलं नव्हतं. टोपली मांडीवर. मी चहा केला, तो गार झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागा झालो तर ती शाल घेऊन पिंजऱ्यासमोर पाटावर बसलेली. फोरमन दुमडून आपलं काम करत होता. ती बघत होती. मान फिरवली नाही.

बाकी ठीक. माकडाची गंमत राहिलीच.

अच्युत


पिपलानी
२३ जानेवारी

वहिनी,

आधी फोरमन. अंग धरतोय. पाठीचे मणी बुडायला लागलेत. काल त्याने माझ्या चपलेचा पट्टा खाल्ला, म्हणजे तब्येत सुधारली. मी कुठे जाऊ नये म्हणून खाल्ला असं आई म्हणते. पचमढीला एका हॉटेलात कामाचं जमतंय, पण ते उन्हाळ्यात. तोवर इथेच आहे. एवढे दिवस एका छपराखाली मी शाळेत होतो तेव्हा राहिलो असेन, तेव्हाही मधल्या सुटीत पळायचो.

आता जे लिहायचंय ते लिहितो. दोन कागद फाडून झालेत.

रविवारी दादा आणि मी मैदानात गवत काढत होतो. ऊन छान होतं. त्याच्याशी बोलायचं तर असं, दोघांचे हात कामात असताना आणि तोंडं दोन दिशांना असताना. मी विचारलं, "कसा होता रे?"

दादा गवत उपटत राहिला. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग म्हणाला, "कान तुझ्यासारखे होते. बाहेर आलेले. कांचन म्हणाली, अच्युतभावजींना कळवा, जोडीदार आला."

आणि माझा पत्ता कुणाकडे नव्हता.

या घरात मी त्याच्याबद्दल ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी आलो तेव्हा आईने उंबऱ्यातच बजावलं होतं, बारसं झालेलं नाही, त्याचं कुणी बोलायचं नाही, दादासमोर तर नाहीच. मी बोललो नाही. आमच्याकडे न बोलायला कुणाला दोनदा सांगावं लागत नाही.

मग दादा बोलला. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं म्हणून तुमचं बाळंतपण इथे झालं ते मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. तो गेला, तुम्ही अजून तापात दवाखान्यात होतात, तेव्हा आईने एका दुपारी सगळं आवरलं म्हणे. पाळणा शेजारी परत गेला, झबली-टोपडी वाटून टाकली, खोली वरपासून खालपर्यंत धुतली. तुम्ही घरी आलात तर खोलीत नुसता फिनेलचा वास. तुम्ही भिंतीला हात लावून उभ्या होतात आणि तुम्हाला बसा म्हणायचंही त्याला सुचलं नाही. आठवड्याने त्याने खोक्यातून ससा आणून तुमच्यापुढे ठेवला. "गाढवपणा केला," म्हणाला. "तिला काय वाटलं असेल." पिशवी भरली होती तरी आम्ही बराच वेळ उपटत राहिलो. त्या मैदानात आता गाईलाही काही मिळणार नाही.

काल दुपारी मी मेथी निवडत होतो. काड्या फोरमनला, पानं आम्हाला. आई समोर बसली होती. एकदम म्हणाली, "पत्र लिहितोस ना तिला?"

"लिहितो."

"काय लिहितोस?"

"फोरमनचं."

एक जुडी निवडून झाली. मग म्हणाली, "लिही, दुपटं आहे म्हणावं. शेवटी मी त्याला घेतलं होतं ना, ते. माझ्या ट्रंकेत आहे, तळाला." मी मान वर केली नाही. आणखी एक जुडी संपली. मग म्हणाली, "धुतलेलं नाही."

वहिनी, या घरात बाजारातून आलेला नारळ धुतात.

आईने चुकलं असं म्हटलेलं नाही. म्हणेल असंही मला वाटत नाही, आणि तुम्ही त्याची वाट बघू नका. पण तिने ट्रंकेची किल्ली काढून मेथीच्या ताटात ठेवली आणि देवघरात निघून गेली. मी ट्रंक उघडली नाही. दादाने उघडली, संध्याकाळी, बूट न काढता.

तर आता असं ठरलंय. शनिवारी पाळी सुटल्यावर दादा निघेल, रविवारी सकाळी तुमच्या दाराशी असेल. हे पत्र त्याच्या आधी पोचावं म्हणून आत्ताच स्टेशनवर टाकायला जातोय. तुम्ही भोपाळला या, असं मी लिहिणार नाही. आईने तसं लिही म्हटलं होतं पहिल्या दिवशी, काल तसं म्हणाली नाही. तुम्ही तिथेच राहा हवं तर, उन्हाळाभर राहा. फक्त दार उघडा. दादा काही बोलणार नाही, तुम्हाला माहीत आहे तो कसा उभा राहतो. त्याच्या एका हातात टोपली असेल आणि दुसऱ्या हातात दुपट्याची पिशवी. दोन्ही तुमचं आहे.

टोपलीत माझ्या कोटाची बाही कापून घातलीय, तिच्या वासाशिवाय फोरमन झोपत नाही. सुकं गवत सतत समोर असू द्या. पाला हळूहळू, एका वेळी एकच नवा. तुमच्याकडे संत्र्यांचे दिवस आहेत, पण मोह आवरा, फार तर एक फोड. पहाटे तो अंग दुमडून बसेल. तेव्हा जवळ कुणी असेल तर त्याला सांगा, की झाडू नका, पुसू नका, त्याचं त्याला होऊ द्या. त्याला वेळ लागतो, पण मग अंगाला लागतं.

पिशवी केव्हा उघडायची ते तुमचं तुम्ही बघा. कुणी घाई करणार नाही. दादाला तेव्हा खोलीत थांबू द्या, एवढंच. त्यालाही कुणी थांबू दिलं नव्हतं.

आणि कधी वाटलं तर मला लिहा, तो कसा होता. कानांचं कळलं, बाकीचं सांगा. आता माझा पत्ता आहे.

त्याचा काका,
अच्युत