केनवडच्या दारात बोट

मुंबई, ३ ऑक्टोबर

ती. सौ. वैभवीताईस,
बिनमोबाईलच्या हरीओमचा सा. न. वि. वि.

मोबाईल समुद्रात गेला. लाँचच्या इंजिनात वाकून पाहत होतो, वरच्या खिशातून सटकला. तुझा नंबर पाठ नाही, केनवडचा पत्ता पाठ आहे, म्हणून हे पत्र.

तुले दिवाळीले माहेरी न्यायले मुराळी म्हणून मीच येणार, हे ध्यानात आहे. मोहनसिंगच्या ट्रकवर सोयाबीन घेऊन आलो, परतताना केनवडले उतरणार होतो. पण इथं बोटींचं प्रदर्शन लागलं. अडाण धरणावर मासेमारांच्या मोटारबोटीचं सुकाणू एकदा हाती आलं, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, हे तुले ठाऊकच.

ताई, दोन-दोन इंजिनांच्या बोटी, आन् साऱ्या गालिच्यावर. एकीच्याही बुडाखाली थेंबभर पाणी नाही. वर चढताना चपला काढा म्हणाले. मी काढल्या, सवयीनं पायाही पडलो. खाली आलो तर चपला गायब, अगदी देवळासारखं. टायवाल्या पोरानं विचारलं, बोट कुठं चालवता. म्हटलं, शेलूबाजारले. तो म्हणे, हे कोणत्या किनाऱ्यावर आलं. म्हटलं, हायवेच्या.

अजून चार दिवस प्रदर्शन आहे. लोभ आहेच, त्यात राग मिसळू नये.

तुझा,
हरीओम

ता. क. उत्तर मोहनसिंगच्या ट्रान्सपोर्टच्या पत्त्यावर. मागे लिहिला आहे.


केनवड, ७ ऑक्टोबर

चि. हरीओमले ताईचा अर्धा आशीर्वाद. उरलेला आल्यावर.

मागच्या दिवाळीलेही तू निघालाच होता. मेहकरले कोणाची तरी बंद जीप दिसली, ती खोलत बसला आन् भाऊबीज झाल्यावर उगवला. मी बॅग भरून ओट्यावर बसलेली. दीड वर्ष झालं, माहेरचा उंबरा पाह्यला नाही.

आमच्या सासूबाईंचा, गोजराबाईंचा कायदा तुले माहीत आहे. मुराळी दारात आल्याबिगर सून निघत नाही. बाबाचे गुडघे दुखून राह्यले, ते येऊ शकत नाहीत. तुझे भाऊजी आईपुढं फक्त जेवायले तोंड उघडतात. वसुबारसेपर्यंत तू आला नाही तर अनारसे इथंच तळायचे, असं सासूबाईंनी सांगून टाकलं.

वरून शेजारच्या मंजूचा भाऊ दरवर्षी चारचाकी घेऊन येते. सासूबाई मले रोज ऐकवतात. तू एसटीनं ये, पायी ये, अनवाणी ये, पण ये.

लोभ संपला नाही, पण विहिरीचा तळ दिसून राह्यला.

तुझी ताई,
वैभवी


मुंबई, १२ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून लाज वाटली. मग डोकं चाललं.

प्रदर्शनातली एक बोट नागपूरकडच्या तलावासाठी विकली गेली. वाहून न्यायचं काम मोहनसिंगले मिळालं. बोट कशी बांधायची ते त्याले समजत नव्हतं, मी दाखवलं. आता तिच्यासोबत मीही येतो. मोहनसिंग जुन्या रस्त्यानं न्यायले कबूल झाला, म्हणजे केनवडही लागते आन् आपलं शेलूबाजारही. वसुबारसेले दारात असेन. केबिनमध्ये तुले खिडकीची जागा ठेवली.

सासूबाईंले गाडीचं काही सांगू नको. चपला घेतल्या.

लोभ तळाशी असला तरी उपसू नये.

तुझा,
हरीओम


शेलूबाजार, १८ ऑक्टोबर

चि. हरीओमले पुरा आशीर्वाद, नागपूरच्या पत्त्यावर.

काल तू भाऊजींले इंजिनाचा पंखा दाखवायले बोटीच्या मागं गेला, तेव्हा पुढं काय झालं ते तू पाह्यलं नाही. सासूबाई गोठ्यात गाय-वासराची पूजा करत होत्या. तसंच ताट घेऊन बाहेर आल्या आन् जागीच थांबल्या. मले वाटलं, आता मुराळ्यालेही परत पाठवतात. त्यांनी वर पाह्यलं, खाली पाह्यलं, मले विचारलं, ही चालते कशावर. म्हटलं, पाण्यावर. मग त्यांनी बोटीले हळदकुंकू लावलं आन् तांब्याभर पाणी तिच्या तोंडावर ओतलं. तू गालिच्यावरची बोट लिहिली होती ना? तिनं पहिलं पाणी पाह्यलं ते माझ्या सासूच्या तांब्यातलं.

मंजू कुडावरून पाहतच होती. सासूबाई तिले म्हणाल्या, चारचाकी तर कोणीबी आणते. सुनेले परत घालून देतानाही हीच आणा, असा त्यांचा निरोप आहे. तो तू निस्तर.

मले दारात उतरवून तू तसाच नागपूरले गेला. आईनं तुझ्यासाठी ताट वाढलं होतं, ते बाबानं खाल्लं. माझी बॅग मात्र तू बोटीत ठेवली होती, ती तिथंच राह्यली. भाऊबीजेची साडी तिच्यात आहे. आज आईचं लुगडं नेसून बसली आहे. बोट तलावात उतरवायच्या आधी बॅग काढजो, आन् भाऊबीजेले घेऊन येजो. रस्त्यात कोणाची जीप बंद पडली असेल तर तिकडं पाहू नको.

लोभ काठोकाठ भरला आहे, सांडू नको.

तुझी ताई,
वैभवी