विहीणबाईंना, तोंडाच्या पट्टीविषयी

मखमलाबाद, नाशिक
मंगळवार, दुपार

सौ. विहीणबाईंना छायाचा हात जोडून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? व्याह्यांची शुगर? नाशिक रोड काही परदेशात नाही, रिक्षा बदलून तासाभरात येता येतं, आणि फोन तर दोघींच्याही हातात असतो. तरी लिहायला बसले, कारण फोनवर तुमचं बोलणं संपेपर्यंत माझी भाजी करपते. (राग मानू नका. मागच्या खेपेला वांगी गेली, एवढंच सांगते.) हर्षाली आणि बाळ खुशाल आहेत. नातीला आज एकविसावा दिवस. नाक तुमच्यावर गेलंय, पण डॉक्टर म्हणतात अजून बदलू शकतं.

रंगनाथरावांनी बायकोचं तोंड बांधलं, अशी आमच्या ह्यांच्याविषयी एक बातमी तुमच्यापर्यंत आली असणारच. खरं काय ते माझ्याकडून ऐका, कारण सुरुवात तुमच्यापासून आहे. डोहाळजेवणाच्या आदल्या रात्री तुम्ही आमच्याकडे मुक्कामाला आलात, आणि दुसऱ्या दिवशी ओटी भरायला जमलेल्या वीस बायकांसमोर म्हणालात, की पहिलं बाळंतपण असलं तरी ते आम्हीच करू, इथे विहीणबाई झोपल्या की दारात बोअरची गाडी लागल्यासारखं वाटतं, बाळ झोपायचं कसं. बायका हसल्या. मीही हसले. पण माझ्या लेकीनं, हर्षालीनं, मान खाली घातली आणि तुम्हाला नाही म्हटलं नाही, ते मला फार लागलं. चार महिने मी घरचं लोणी कढवून तूप साठवत होते, डिंक निवडून ठेवला होता, आणि पोर पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार नाही, ते माझ्या नाकातोंडामुळे. त्या रात्री मी जेवले नाही. (घोरले मात्र, असं आमचे हे म्हणतात.)

मग मोबाइलवर एका बाईंचा व्हिडिओ पाहिला. झोपताना तोंडाला पट्टी लावायची, श्वास नाकाने घ्यायचा, घोरणं बंद. पट्टी कसली ते त्यांनी सांगितलंही असेल, पण तेवढ्यात कुकर झाला. आमच्या ह्यांना विचारलं. आता तीस वर्षं द्राक्षाची कलमं बांधणाऱ्या माणसाला पट्टी म्हटलं की एकच पट्टी ठाऊक, कलमाची. ती प्लॅस्टिकची असते, ताणली की बसते घट्ट. यांच्या हातची शंभरातली पंच्याण्णव कलमं फुटतात, त्याच इमानाने त्यांनी माझ्या हनुवटीपासून डोक्यावरून तीन वेढे घेतले आणि मानेमागे गाठ मारली. बागेत ती गाठ पावसाळा काढते.

सकाळी उठले तर गाठ सुटेना, कात्रीचं पातं आत शिरेना, आणि हे बागेत निघून गेलेले, मोबाइल घरीच खुंटीवरच्या सदऱ्यात. तेवढ्यात शेजारच्या सरुबाई विरजण मागायला आल्या. मी त्यांना सगळं खुणांनी समजावलं. आधी झोपायची खोली दाखवली, मग तोंड, मग मळ्याकडे हात करून ह्यांनी बांधलं म्हणून सांगितलं. आणखी काय सांगायचं असतं? पण सरुबाई विरजण न घेताच माझ्या माहेरी फोन लावायला पळाल्या, आणि नऊ वाजता माझा भाऊ सोमनाथ देवळ्याहून कांद्याची पिकअप घेऊन दारात हजर, मागे पाच माणसं उभी. आमचे हे नेमके त्याच वेळी, आठवण होऊन, माझी पट्टी कापायला कलमाचा चाकू हातात घेऊन येत होते.

सोमनाथने कॉलरच धरली. "हाई काय शे दाजी?" म्हणून जो ओरडला, ते तुमच्या स्टेशनपर्यंत ऐकू आलं असेल. मी मधे पडून हातवारे करत होते, तसा तो जास्तच चिडत होता. शेवटी एका शहाण्या माणसानं चाकू काढून घेतला आणि आधी माझी पट्टी कापली. उठल्यापासून अडीच तासांनी तोंड उघडलं आणि माझं पहिलं वाक्य, "अरे, घोरते मी."  मग सहाही जण दोनदोनदा पोहे खाऊन गेले.

त्यानंतर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांची बोलणी खाल्ली. म्हणाले, आधी नाक मोकळं आहे का ते बघायचं असतं, सर्दी असेल किंवा जीव घाबरत असेल तर पट्टीचं नावही काढायचं नाही. त्यांनी नाक तपासलं, कुशीवर झोपा आणि लवकर जेवा म्हणाले, आणि तोंड उघडलं की आपोआप निघेल असा कागदी पट्टीचा बोटभर तुकडा दिला. बारा रात्री मी तो लावून झोपले आणि बारा रात्रींचं रेकॉर्डिंग हर्षालीला पाठवलं. तिनं सगळं ऐकलं. त्यात कुत्री होती, लाइट आल्यावर सुरू होणारी मोटर होती, झोपेत छाटणीचा मजूर मोजणारे तिचे बाबा होते. मी कुठेच नव्हते. तेराव्या दिवशी फोन आला, "आई, मला न्यायला ये." विहीणबाई, मी रडले हो. तासाभरात गाडी तुमच्या दारात होती, ते तुम्हाला आठवत असेलच.

तर अशी मी जिंकले. आणि परवा जावईबापू दोन रात्री राहून गेले, तेव्हा बाळ दचकून उठत होतं, असं हर्षाली म्हणाली. कारण मी लिहीत नाही. दोन पट्ट्या त्यांच्या पिशवीत घातल्या आहेत. आमच्या घराण्यात आता हा त्रास कुणाला नाही, एवढंच सांगते.

व्याह्यांना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची,
छाया

ता. क. लाडवांचा डबा पाठवते आहे. डबा परत यावा, जोडीतला आहे.

दुसरा ता. क. जे लिहायला बसले होते ते राहिलंच. इतकी वर्षं मला धड झोप नव्हती हे मला आता कळतंय. आता जी पडते ती एकदम उन्हं आल्यावर उठते. बाळ हातभर अंतरावर रडतं आणि मला पत्ता नसतो. काल सकाळी बघते तर हर्षाली भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली, पोर मांडीवर. मला का नाही उठवलंस म्हटलं, तर म्हणाली, "तीनदा उठवलं आई. मग म्हटलं, झोपू दे." इतके दिवस ती एकटीच जागते आहे. पट्टी काढते म्हटलं तर तेही नको म्हणते. शेक, मालिश, दिवसभराचं सगळं मी करीन, त्यात तुम्हाला हात लावू देणार नाही. पण रात्री मला एकटीला जमत नाहीये. सवा महिना होईपर्यंत तुम्ही या. तुमची गादी हर्षालीच्या खाटेशेजारी घालून ठेवली आहे.