मागच्या काचेवरचं ब्लेड

प्रज्ञाचे बाबा,

गाडी अंगणात लावली आहे. बटन दाबलं तरी मागच्या काचेच्या मधल्या पट्ट्यात धुकं राहत होतं, ते बळीराम मिस्त्रीले दाखवून आणलं. फ्यूज चांगला निघाला. मग त्यानं काच गरम करणाऱ्या बारीक तारांवर टेस्टर फिरवला, तर तीन तारा एकाच जागी तुटलेल्या.

"वहिनी, इथं ब्लेड कोणं मारलं?"

मी म्हटलं, पोरीनं मारलं असंन. तो हसला, "पोरीचा हात इतका सरळ चालते का?"

तुटल्या जागी त्यानं वीज जोडणारा चांदीचा रंग भरला. उद्यापर्यंत काच पुसू नका, काच गरम कराचं बटनही दाबू नका म्हणे.

त्याच जागी आपलं 'जय भीम' आतून चिकटवलेलं होतं. उन्हानं निघालं म्हणत होते तुम्ही. उन्हाले ब्लेड कुठून सापडलं? सोमवारीच तुम्ही गाडी घेऊन नेर गावाले खोली पाहाले गेलते. घरमालकानं आडनाव विचारलं का, हे मी तीनदा विचारलं. तीनदा तुम्ही मले खिडक्याच मोजून दाखवल्या.

प्रज्ञाची नवी शाळा तिथून जवळ आहे, मले समजते. पण पोरीनं शाळेत एक आडनाव सांगावं अन् दारात दुसरं, हे मले जमणार नाही.

मी अकराच्या बसनं नेरले चालली. घरमालकाले पूर्ण नाव सांगून खोली मागीन. त्याच्याआधी तुम्ही कोणतं नाव सांगून आले, तेवढं फोनवर सांगा. माह्या नवऱ्याचं नाव मले परक्याच्या तोंडून ऐकायचं नाही.

दीपा