प्रमोदच्या मोबाइलवरचा मेसेज

गोंदिया, रविवार, १७ नोव्हेंबर २०१३

दोन्ही सर्व्हर नवे झाले. आधी राखीव असलेला दुसरा नवा केला, सगळं काम त्याच्यावर नेलं, मग पहिल्याला हात लावला. पतसंस्थेचं एकही काम अडलं नाही. साहेब म्हणाले, "बढिया काम किया." मग मला जेवण का गेलं नाही?

ती एक ओळ. 'दुसरा सर्व्हर चालू आहे.' रोज दिवेलागणीला ती सर्व्हरकडून आपोआप दोघांच्या मोबाइलवर यायची, माझ्या आणि प्रमोदच्या. हे दोन सर्व्हर आम्ही दोघांनीच बसवले होते. उन्हाळ्यात प्रमोद गेला. आज नव्याने नंबर भरताना मी फक्त माझाच भरला. गेलेल्या माणसाचा नंबर कोण ठेवतं?

संध्याकाळी त्याच्याच नंबरवरून फोन आला. दवनीवाड्याहून त्याची बायको बोलत होती.

"भाऊजी, आज मेसेज नाही आला जी. मशीन बंद पडली का?"

"नाही वहिनी, चालू आहे."

"मंग काऊन नाही आला?"

खोटं सुचलंच नाही. खरं ते सांगितलं. उद्या नंबर परत टाकतो, असंही म्हणालो.

"नोको भाऊजी. रोज फोन चार्जिंगले लावून ठेवत होती मी. मेसेज आला का वाटे, हे हापिसातच हायेत." मग हळूच म्हणाल्या, "आता कायले लावू?"

आत्ता लिहिता लिहिता तो नंबर लावून पाहिला. बंद आहे. माझ्या मोबाइलवर मात्र ओळ आली आहे, दुसरा सर्व्हर चालू आहे.