कपाट दाखवण्याचा कार्यक्रम

मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व
रविवार, २२ फेब्रुवारी

ती. आसावरीआत्यास जागृतीचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? काका सकाळी फिरायला जातात, की नुसते बूट घालून गॅलरीत बसतात? तुमच्याकडे मोहन्याला पाणी रोज येतं ना? (आईने बजावलं होतं की आधी तब्येत विचार. मी मनापासूनच विचारते आहे.) आता मुद्द्याचं सांगून टाकते, नाहीतर मला पुढे लिहवणार नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी आईने तुझ्याकडून आणलेली अंजिरी इरकल आम्ही अजून परत केली नाही, आणि मधल्या काळात तिच्या बाबतीत एक प्रकार घडला. फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस तेव्हा माझी वाक्यं पळून जातात, म्हणून हे पत्र.

तुला माहीतच आहे, ठाण्याच्या ऑफिसात मला नव्या लोकांना शिकवायचं काम मिळालं आहे. येत्या २६ तारखेला साठ जणांसमोर पहिल्यांदा उभं राहायचं आहे. आमच्या विनीत सरांनी कौतुक केलं आणि जाता जाता म्हणाले, "कपड्यांचं जरा बघ." जरा म्हणजे किती, हे मी विचारलं नाही, आणि चार दिवस मला जेवण गेलं नाही. सुशांत म्हणाला, ताई, हल्ली स्टायलिस्ट असतात, आपल्याला काय शोभतं ते सांगतात, दुकानातही बरोबर येतात. (आपल्याकडे हे काम आई करते, आणि अंग वाढतं म्हणून एक माप मोठं घेते. मी सत्तावीस वर्षांची आहे.)

मी वीस प्रश्न लिहून काढले आणि तीन जणींशी बोलले. पहिली घोडबंदर रोडची. तिने विचारलं, आवडता रंग कुठला? मी म्हटलं, घरी विचारून सांगते. तिने पेन खाली ठेवलं. दुसरीला मी फोनवर विचारलं, की तुम्ही निवडलेल्या ड्रेसला कोणी छान म्हटलं तर मी थँक्यू म्हणणं योग्य आहे, की तुमचं नाव सांगायला हवं? तिचं नेटवर्क गेलं, ते अजून आलेलं नाही. तिसरी संचिता, कोपरीची. तिची आई तिथे शिवणकाम आणि फॉल-पिको करते. संचिता म्हणाली, आवडीनिवडी राहू देत, आधी तुझं कपाट दाखव. मला ते पटलं, कारण कपाट खोटं बोलत नाही. (आमचं बोललं.)

परकी मुलगी कपाट बघणार म्हटल्यावर आईने घर डोक्यावर घेतलं. माझे विटलेले कुर्ते दिवाणात गेले. त्यांच्या जागी शेजारच्या शीलाकाकूंचे दोन ड्रेस आले, मामेबहीण रुपालीचा साखरपुड्याचा घागरा आला, आणि सगळ्यांच्या वर तुझी इरकल. मी म्हटलं, आई, ही फसवणूक आहे. आई म्हणाली, "पाहुणे येणार म्हणून चादर बदलतो, ती फसवणूक असते का गं?" शेवटी एवढं ठरलं की आपण होऊन खोटं बोलायचं नाही.

मागच्या आठवड्यात शनिवारी, म्हणजे १४ तारखेला, संचिता आली. शीलाकाकूही चहाला म्हणून आल्या आणि थेट कपाटासमोरच्या खुर्चीत बसल्या. संचिताने त्यांचा पोपटी ड्रेस वर धरला. "हा घेतला तेव्हा दुकानातली लाइट गेलेली का?"

काकूंनी कप खाली ठेवला. "वाईट काय आहे त्यात?"

"तुम्हाला आवडला, काकू? मग तुम्हीच घेऊन जा. हिला नको."

आत्या, काकूंनी स्वतःचाच ड्रेस दोन्ही हातांनी घेतला, थँक्यू म्हणाल्या, आणि घरी जाऊन दार लावून घेतलं.

मग इरकल. ती संचिताने खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ पदर हातावर घेऊन उभी राहिली. म्हणाली, काय सुंदर पोत आहे, कुर्त्यावर घालायला हिची दोन जॅकेटं होतील, माझ्या आईकडे शिवायला नेऊ का? मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. एक वाक्य पुरलं असतं, पण त्या वाक्यामागून काकू आणि घागराही बाहेर आले असते. आई म्हणाली, "ने की." आणि मी गप्प बसले. मला पाटीवर अक्षरं गिरवायला तू शिकवलंस, आणि दुसऱ्याच्या पेन्सिलीला न विचारता हात लावायचा नाही, हे त्याच्याही आधी. तरी मी गप्प बसले.

रविवार कसा गेला विचारू नकोस. सोमवारी हाफ डे टाकून कोपरी गाठली. वाटेत तुला सांगायची वाक्यं जुळवत होते, प्रत्येकाच्या शेवटी दोन जॅकेटं येत होती. संचिताची आई गोदूबाई मशीनवर बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, दिवाणासकट. त्यांनी फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडी काढली आणि आतलं टोक उलटून दाखवलं. लाल दोऱ्याने बारीक अक्षरात: आ. ता. घाग. (तू माझ्या छत्रीवर, डब्याच्या पिशवीवर, मोज्यांवरसुद्धा नाव घालायचीस तेव्हा मला शाळेत लाज वाटायची. आता नाही वाटत.) गोदूबाई म्हणाल्या, "नाव घातलेलं कापड मी कापत नाय, बाय. ज्याचं नाव त्याला इचारायचं. ही मास्तरीण दिसते."

संचिताला म्हणे शनिवारीच कळलं होतं. एका कपाटात चार मापांचे कपडे होते. "साडीच्या वेळी तरी तू बोलशील असं वाटलेलं," ती म्हणाली. मग तिने मला ती साडी तिथेच नेसायला लावली. आरशासमोर मी सरळ उभी राहिले. का, ते सांगता येत नाही. बहुधा त्या साडीलाच तशी सवय आहे. संचिता बघत राहिली आणि म्हणाली, आता काही शिवायला नको. काल येऊन तिने दिवाणातले खरे कुर्ते पाहिले, चार ठेवले, बाकीच्यांबद्दल काही बोलली नाही. (शीलाकाकूंचं काल डोकं दुखत होतं.) तर स्टायलिस्ट म्हणून तीच ठरली आहे.

साडीला ओरखडाही नाही. ती या पत्राबरोबर सुशांतच्या हाती पाठवते आहे. रागावलीस तर नुसतं "हं" म्हणू नकोस, नीट रागाव.

तुझी,
जागृती

ता. क. सुशांतच्या पिशवीतून साडी मीच परत काढली. पिशवीत आता नारळाच्या वड्या आहेत. २६ तारखेला ती मी नेसू का? न विचारता नेसणार नाही.

ता. क. दुसरा. आईला वाटतं, हे पत्र तुझ्या गुडघ्याबद्दल आहे.

ता. क. तिसरा, शुक्रवार, २७ फेब्रुवारी. सुशांतला मोहन्याला यायला सवडच झाली नाही, पत्र इथेच राहिलं. (वड्या त्याने संपवल्या.) काल २६ तारीख होती. मी नेसले. पहिलं वाक्य दोनदा म्हटलं, मग पदर खोचला आणि फळ्याकडे वळले. पुढचे दोन तास बरे गेले. कपड्यांबद्दल कोणी काही बोललं नाही. मागच्या रांगेतली एक मुलगी सारखी कुजबुजत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि नुसतं "हं" म्हटलं. ती गप्प झाली.

तेव्हा आत्या, एवढीच विनंती आहे: परवानगीवर तारीख २५ ची घाल.