मामीच्या खिडकीसमोरचा जपानी वाफा

१० फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी माझ्या कुंड्या उकरायचीस म्हणून तुला हे नाव पडलं. आता तू रोपवाटिका चालवतेस, लोकांच्या बागा आखतेस, तरी मामाच्या लेखी तू खारच!

मामीचं खुब्याचं हाड उत्तम जुळलं आहे. डॉक्टर खूश आहेत. खूश नाही ती फक्त तुझी मामी. व्यायाम शिकवायला बाई येतात, तेव्हा ही त्यांना चहा विचारते आणि डोळे मिटून घेते. उठून पाहण्यासारखं आहे काय, असं मला परवा म्हणाली. बाईंनी मला दाराशी बोलावून बजावलं की एप्रिलपर्यंत उभ्या राहिल्या नाहीत, तर पाय चालणं विसरतील.

म्हणून मी ठरवलं आहे, पाहण्यासारखं काहीतरी करायचंच. खिडकीसमोर कुंपणाच्या भिंतीलगत वसंतात फुलणारा जपानी वाफा! शाळेत वसंताची कविता शिकवताना मी खिडक्या उघडायला लावायचो आणि बाहेर असायचं सायकलींचं शेड. मुलं बिचारी तिथेही वसंत शोधायची. आता एकदा खरा करून दाखवतो. नकाशा सोबत आहे. पुढे बुटकी रोपं, मागे उंच, दोन्ही टोकांना एकेक दगड. चुका लाल शाईने दाखव.

लोभ आहे तसाच ठेव.
तुझा मामा

१७ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

नकाशा पाहून पोटभर हसले. मामा, हा वाफा आहे की वर्गाचा ग्रुप फोटो? बुटके पुढे, उंच मागे, टोकांना दोन मॉनिटर! फुलांची हजेरीही घेणार असाल.

जपानी रचनेत जोड्या लावत नाहीत. तीन झुडपं, नाहीतर पाच. दगड एकच घ्या आणि निम्मा पुरा, म्हणजे आणून ठेवलेला वाटणार नाही, तिथलाच वाटेल. मधली जागा मोकळी दिसली की तुमचे हात शिवशिवतील, पण तिथे काहीही लावायचं नाही.

खरी चूक वेगळीच आहे. नकाशा तुम्ही फाटकात उभं राहून काढला आहे. मामी फाटकात आहे का? तिच्या उशीवर डोकं टेकून बघा. मला ती खोली आठवते, खिडकीचा कठडा उशीपेक्षा चांगला हातभर उंच आहे. पडल्या पडल्या भिंतीचा माथा तेवढा दिसेल.

आणि ते सोयीचंच आहे. तिकडचे माळी बाग एकदम दाखवून टाकत नाहीत. थोडं दाखवतात, थोडं झाकतात, म्हणजे बघणाऱ्याला पाऊल उचलावंसं वाटतं. उशीवरून चेरीची एक फांदी दिसू दे. उठून बसली तर अझेलियाची झुडपं. दगड, त्याच्या पायाशी नेचे आणि शेवाळ, हे मात्र उभं राहिल्याशिवाय नाही. कळ्यांवर आलेली रोपं गाडीने पाठवते.

दोघांना नमस्कार. माया कमी करू नका.
तुमची खार

२६ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझी ही लपवाछपवी मला आधी निर्दयपणाची वाटली. आजारी माणसाला चॉकलेट दाखवून मुठीत धरायचं, असली तऱ्हा. पण तिच्या शेजारी आडवा झालो, उशीवरून पाहिलं आणि पटलं. काय शोधताय, असं तिने विचारलं. पाठ दुखतेय म्हणून थाप मारली.

सगळं तू सांगितलंस तसंच लावलं. दगड निम्मा पुरताना मात्र जीव तुटला. इतका देखणा दगड, आणि त्याला मातीत कोंबायचं! गेल्या आठवड्यात चेरी फुलली. मागोमाग अझेलिया. तुझ्या मामीने फांदी पाहिली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तोंड खिडकीकडे केलं.

आता माझी कमाई ऐक. रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून मी उरलेला वाफा वर्णन करून सांगतो. अझेलियाचा गुलाबी कसा कडेला फिका होत जातो, शेवाळावर पाकळी कशी उतरते, दगड कसा जांभई देऊन अर्धवट उठल्यासारखा दिसतो. काल ती म्हणाली की सगळं अगदी डोळ्यांपुढे उभं राहिलं, आता बघायला नको. चाळीस वर्षं कविता शिकवल्याचं सार्थक झालं बघ!

लोभात उणं नको.
तुझा मामा

२९ मार्च

ती. मामांस,
सा. न.

सार्थक कसलं, घोटाळा केलात! आता बघायला नको, असं ती म्हणाली आणि तुम्ही ते शाबासकी समजून घेतलंत? मी कठड्याखाली लपवलेलं सगळं तुम्ही चमच्याने भरवलंत. आता ती उठेल कशाला?

अझेलिया फार तर दोन आठवडे टिकेल. आजपासून वाफ्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. तिने विचारलं तर ठीक आहे, एवढंच म्हणा. तुम्हाला जमणं अवघड आहे, हे ठाऊक आहे. तरीही जमवा.

रागावले आहे, पण माया आहे तेवढीच आहे.
खार

७ एप्रिल

चि. खारूताईस,
मामीचे आशीर्वाद.

अक्षर हललं आहे ते खुर्चीत बसून लिहायची सवय मोडली म्हणून. तब्येतीचं काही नाही.

तुझं पत्र यांनी चष्म्याच्या घरात लपवलं होतं आणि चष्मा माझ्याकडे मागितला. त्यामुळे तुम्हा दोघांचं कारस्थान मला आज कळलं. पण उठले ते त्याच्या आधी, रविवारी.

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस झोपेतसुद्धा गप्प बसलेला नाही. अचानक चार दिवस हात मातीने भरवून आत यायचे आणि मुके. वाफा कसा आहे म्हटलं की ठीक आहे. मला वाटलं, सगळी रोपं मेली आणि हे मला सांगत नाहीत. जीव राहीना. कोपरावर रेटा देऊन उठून बसले. अझेलिया तर छान होती! मग आणखी काय मेलं, म्हणून कठडा धरून उभी राहिले. पाय थरथरले, पण उभे राहिले.

दगडासमोर हे पाठमोरे उकिडवे बसले होते. हातवारे करून त्या दगडाला सबंध वाफा समजावून सांगत होते, पाकळ्यांसकट. मी काचेवर टकटक केली. स्वतःचं बोलणं चालू असताना यांना काय ऐकू येणार? शेवटी वॉकर ओढला. दारापर्यंत अकरा पावलं. दार उघडलं आणि यांना सांगितलं की मधलं झुडूप वाकडं लागलं आहे.

हे वळले, तोंड उघडलं, आणि खरं सांगते, एकही शब्द फुटला नाही.

झुडूप आता सरळ आहे. उद्या पायरी उतरून शेवाळाला हात लावणार आहे. माझ्यावर लोभ आहे हे तुझ्या लबाडीवरून दिसलंच, तो तसाच चालू दे.
तुझी मामी